‘शैक्षणिक अर्हता’ या रकान्यास खुले पत्र

रकानासाहेब,

पत्राची सुरुवात नमस्कारानं करायची आपली रीत आहे. तुमचं वागणं नमस्कार करण्यासारखं नाही, म्हणून थेट आरोपावर येते. विषय पक्का असलेली, चालती नोकरी सोडून शाळेकडे वळलेली, मुलांत रमणारी माणसं तुम्ही दारातून परत पाठवता. परत पाठवताना त्यांना एकच प्रश्न विचारता : पदवीचं नाव काय? ते काय शिकले, त्यांना काय येतं, चाळीस मुलांसमोर उभं राहून ते काय करू शकतात, हे विचारायची तुम्हाला गरज वाटत नाही.

मी शिक्षणशास्त्र महाविद्यालयात शिकवते. छात्राध्यापकांची टाचणं तपासणं, त्यांचे सराव पाठ पाहणं, शाळेतल्या शेवटच्या बाकावर बसून निरीक्षण नोंदवणं हे माझं रोजचं काम आहे. पूर्वी आमच्याकडे येणारे बहुतेक जण बी.ए. किंवा बी.एस्सी. होऊन सरळ आलेले असायचे. आता त्यांच्या शेजारी तिशीतली माणसं बसतात. कुणी अभियंता असतो, कुणी कृषी पदवीधर, कुणी हिशेबनीस, कुणी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलेली. त्यांच्या घरी लहान मूल असतं, डोक्यावर घराचा हप्ता असतो. दोन वर्षं बिनपगारी राहण्याचा निर्णय त्यांनी घरच्यांशी भांडून, हिशेब मांडून, विचारपूर्वक घेतलेला असतो. हे पत्र मी त्यांच्या वतीनं लिहिते आहे, कारण त्यांचे पाठ मी पाहिले आहेत आणि तुम्ही पाहिलेले नाहीत.

त्यातले तिघांचे सांगते.

पहिला चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करून आलेला, यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर. सातवीच्या वर्गात दशांश अपूर्णांक होते. दोन अंक दिसतात म्हणून ०.०७ ही संख्या ०.७ पेक्षा मोठी, असं निम्म्या वर्गाला वाटत होतं. त्यानं खिशातून मायक्रोमीटर काढला, एका मुलीच्या डोक्यावरचा केस मोजायला लावला. आकडा आला ०.०७ मिलिमीटर. मग यांत्रिक पेन्सिलीतली शिशाची काडी मोजायला दिली : ०.७ मिलिमीटर. केस आणि काडी शेजारी ठेवून मुलांनी बोटांनी चाचपले. त्यानंतर त्या वर्गात कुणीही शून्याच्या जागेची चूक केलेली मला दिसली नाही. ही युक्ती त्यानं कुठल्या मार्गदर्शिकेतून घेतली नव्हती. शंभराव्या भागानं पिस्टन बाद होतो हे त्यानं सहा-सात वर्षं रोज पाहिलं होतं.

दुसरी कृषी पदवीधर. दहावीला शाकीय प्रजनन शिकवायचं होतं. बटाटा आणि पानफुटी मुलांना पाठ होतीच. तिनं गुलाबाच्या फांद्या, धारदार चाकू आणि प्लास्टिकची पट्टी आणली आणि डोळा कसा भरतात ते करून दाखवलं. नंतर मुलांकडून करून घेतलं. कलमाच्या झाडाला मूळ झाडाचेच गुण का येतात, हा प्रश्न एका मुलानं आपणहून विचारला. तिथून ती सरळ गुणसूत्रांवर गेली.

तिसरी वाणिज्य शाखेची, दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं भरून देणारी. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे. त्यात जीएसटी, शेअर्स आणि म्युच्युअल फंड येतात. गणिताचे कित्येक शिक्षक हे प्रकरण सूत्रं लिहून उरकतात. तिनं किराणा दुकानाची, औषधाच्या दुकानाची आणि हॉटेलची खरी बिलं आणली. केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा निम्मा कसा पडतो, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट दुकानदाराला कशी मिळते, हे मुलांनी त्या बिलांवरून स्वतः काढलं. ज्या प्रकरणाला शिक्षक घाबरतात ते प्रकरण तिच्या हाताखाली वर्गाचं आवडतं झालं.

तुमच्या लेखी ही तिसरी गणिताची शिक्षिका होऊ शकत नाही. पहिल्याचं काय, ते जाहिरात कुणी काढली आणि पडताळणीच्या टेबलावर कोण बसलं आहे, यावर ठरतं. कागदपत्र पडताळणीला एका कार्यालयात त्याला विचारलं गेलं, “पदवीपत्रात गणित कुठे लिहिलंय?” त्यानं चार सत्रांच्या गुणपत्रिका पुढे ठेवल्या. अभियांत्रिकी गणिताचे पेपर त्यात ओळीनं होते : विकलन, संकलन, अवकल समीकरणं, संभाव्यता. गुणपत्रिका न वाचताच बाजूला सरकवल्या गेल्या, कारण तुमच्यात लिहायला पदवीचं नाव हवं होतं आणि त्या नावात ‘गणित’ हा शब्द नव्हता.

आता तुमच्या नियमाकडे येऊ. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांत बी.एड. प्रवेशाची अट आहे. विज्ञान, सामाजिक शास्त्रं, मानव्यविद्या यांच्या पदवीधराला ५० टक्के गुण पुरतात. अभियंत्याला ५५ टक्के लागतात आणि त्याची पदवी ‘विज्ञान आणि गणित यांतील विशेषीकरणासह’ असावी लागते. मला एक विद्यापीठ दाखवा, जे अभियांत्रिकीची अशी पदवी सर्रास देतं. अभियंत्याचं विशेषीकरण स्थापत्यात असतं, यंत्रात असतं, विद्युत किंवा संगणकात असतं. विज्ञान आणि गणित हा त्या साऱ्या शाखांचा पाया असतो आणि पायाला विशेषीकरण म्हणत नाहीत. अशी ओळ लिहिली गेली आणि तिचा अर्थ प्रत्येक कार्यालय आपापल्या सोयीनं लावू लागलं. एका ठिकाणी तो पात्र ठरतो, दुसऱ्या ठिकाणी तोच माणूस, तीच पदवी, तेच गुण घेऊन अपात्र ठरतो. नियम संदिग्ध असला की त्याची किंमत नियम लिहिणारा देत नाही, अर्ज करणारा देतो.

केंद्रीय विद्यालयांच्या जाहिराती वर्षानुवर्षं पाहा. संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षकाच्या पदाला, म्हणजे अकरावी-बारावीला शिकवायला, संगणक अभियंता चालतो. पण सहावी ते दहावीच्या गणिताला तिन्ही वर्षं गणित घेतलेली, जोडीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांसारखे विषय असलेली ठरावीक पदवी मागितली जाते आणि अभियंता त्या चौकटीत बसत नाही. बारावीच्या मुलाला शिकवायला जो लायक, तो सहावीच्या मुलाला गुणाकार-भागाकार शिकवायला नालायक कसा? याचं उत्तर तुमच्याकडे नाही.

दुसरीकडे आपल्या गावागावांतल्या शाळांत काय चालतं तेही तुम्हाला माहीत आहे. वनस्पतिशास्त्राची पदवीधर शिक्षिका वर्षानुवर्षं गणित शिकवते, कारण शाळेत विज्ञान-गणिताला एकच पद आहे. बारावीनंतर तिनं गणिताचं पुस्तक उघडलेलं नसतं. त्यातल्या अनेक जणी स्वतःच्या कष्टानं उत्तम शिकवतात आणि मला त्यांचा आदर वाटतो. पण तुम्ही तिला बिनबोभाट आत घेता आणि पदवीला चार सत्रं गणित शिकलेल्याला बाहेर ठेवता. गणिताची इतकी काळजी तुम्हाला असती, तर दोघांनाही तुम्ही एकच प्रश्न विचारला असता : तुला गणित किती येतं?

नोकरी सोडून आलेल्या माणसाची वाट किती लांब आहे, तेही मोजा. दोन वर्षं बी.एड., त्यात पगार नाही. मग शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. मग शिक्षक अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी : दोन तास आणि २०० प्रश्न, ज्यात विषयज्ञानाची परीक्षाच नाही. मग ‘पवित्र’ या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरची प्रतीक्षा. ही अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी झाली फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. मधली पाच वर्षं कुठे गेली? बत्तिसाव्या वर्षी नोकरी सोडलेला माणूस त्या पाच वर्षांत सदतीस वर्षांचा झाला आणि खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे. शेवटी नेमणूक मिळालीच, तर तीन वर्षं मानधनावरचा शिक्षणसेवक. डिसेंबर २०२२ पर्यंत प्राथमिकला महिना ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये मानधन होतं. जानेवारी २०२३ पासून ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. वाढ झाली हे चांगलंच. पण दहा वर्षं कारखान्यात, शेतात, प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाचा तो सगळा अनुभव तुमच्या हिशेबात शून्यच राहिला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं गुणवत्तेसाठी आहे. मग २०१९-२० ची टीईटी आठवा. पैसे घेऊन निकाल बदलल्याचं प्रकरण पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये उघड केलं. ज्या परिषदेनं परीक्षा घ्यायची, तिच्या आयुक्तांनाच अटक झाली. पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. त्या उमेदवारांच्या अर्जांत तुम्ही नीट भरलेले होता. पदवी योग्य, विषय योग्य, टक्केवारी योग्य. तुम्ही त्यांच्यापैकी एकालाही अडवलं नाहीत, कारण तुम्हाला अक्षरं तपासता येतात, माणूस तपासता येत नाही. जो पैसे मोजून आत शिरतो तो तुमच्या परीक्षेत पास होतो आणि जो मायक्रोमीटर घेऊन येतो तो नापास होतो.

माझा अटींना विरोध आहे, असा अर्थ कुणी काढू नये. शिकवणं ही कला आणि शास्त्र दोन्ही आहे, आणि कुणीही पदवीधर उठून मुलांसमोर उभा राहिला तर मी पहिली विरोध करीन. नववीला त्रिकोणमिती शिकवताना पाऊण तास फळ्याकडे तोंड करून स्वतःशीच बोलत राहिलेला अभियंता मी पाहिला आहे. त्याला मी तोच पाठ पुन्हा घ्यायला लावला, तिसऱ्यांदाही लावला. मुलाची चूक म्हणजे मुलाच्या विचाराची खिडकी असते, हे त्याला शिकायला वेळ लागला. बी.एड. हवं. टीईटी हवी. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. पात्रतेची कसोटी सगळ्यांना लागू व्हावी, हे तत्त्व मला मान्य आहे. मात्र कसोटी विषयाची आणि शिकवण्याची असावी. पदवीपत्रावरच्या छापील नावाची कसोटी मुलाच्या काहीही कामाची नसते.

आता एका माणसाची आठवण करून देते. अरविंद गुप्ता यांनी १९७५ मध्ये आयआयटी कानपूरमधून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी धरली. १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या मुलांसाठी तिथल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून विज्ञान शिकवायचं, हे त्या कार्यक्रमाचं काम. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन बनवले. त्रिकोण हलत नाही आणि चौकोन डुलतो, हे मुलांना हातानं कळलं. पुढे पुण्यात आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना आणि शिक्षकांना शिकवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांच्या कपाटांत आहेत.

तुमची एक सवय मला सगळ्यात जास्त टोचते. अशा माणसांना तुम्ही पाहुणे म्हणून बोलावता. विज्ञान दिनाला त्यांचं भाषण ठेवता, शाल आणि श्रीफळ देता, मुलांबरोबर छायाचित्र काढता. पण त्यांच्यासारखाच एखादा तरुण शाळेच्या शिक्षकखोलीत रोजच्या कामासाठी जागा मागू लागला, की तुमचा चेहरा बदलतो. पाहुणा वर्षातून एकदा येतो. मुलांना रोज येणारा माणूस हवा असतो.

इतर देशांनी ही अडचण कशी हाताळली, तेही सांगते. लूसी केलवे या बाईंनी लंडनच्या फायनान्शियल टाइम्स या वृत्तपत्रात सुमारे तीन दशकं पत्रकारिता केली. त्यांची पदवी तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राची. पन्नाशीच्या उत्तरार्धात त्यांनी शिक्षकी पेशा धरायचं ठरवलं. २०१६ मध्ये मोठ्या वयात शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी ‘नाऊ टीच’ ही संस्था इतरांबरोबर उभी केली आणि स्वतः लंडनच्या हॅकनी भागात शाळेत गणित शिकवू लागल्या. तिथलं सरकार गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि संगणक या विषयांचे शिक्षक मिळवण्यासाठी प्रशिक्षणाच्या काळात शिष्यवृत्ती देतं. २०२५-२६ साठी ती २९,००० पौंड होती. विषयाचा पाया कच्चा असेल, तर तो पक्का करण्याचे वेगळे अभ्यासक्रम आहेत. पदवी वेगळी आहे म्हणून दार लावण्याऐवजी, कमी काय आहे ते विचारून तेवढं भरून घेण्याचा मार्ग त्यांनी ठेवला.

आपल्याकडेही मार्ग निघू शकतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता ठरवली आहे. अठराव्या वर्षी शिक्षक व्हायचं ठरवलेल्या मुलामुलींसाठी ते उत्तम आहे. पण तिसाव्या वर्षी ठरवणाऱ्यांसाठी त्याच धोरणात दोन वर्षांच्या आणि एक वर्षाच्या बी.एड.चीही तरतूद आहे. ती तरतूद प्रत्यक्षात कशी उतरते, यावर माझं लक्ष आहे. एक वर्षाच्या बी.एड.साठी चार वर्षांची बहुविद्याशाखीय पदवी किंवा पदव्युत्तर पदवी चालेल, असं धोरण म्हणतं. मग अभियंत्याची, कृषी पदवीधराची चार वर्षं त्यात मोजली जाणार की पुन्हा एखादी संदिग्ध ओळ लिहून त्यांना उंबऱ्यावरच थांबवलं जाणार?

तुमच्या मागे उभ्या असलेल्या लोकांनाही दोन शब्द सांगते, कारण तुमचं बळ त्यांच्यातूनच येतं. “इंजिनिअर होऊन मास्तरकी करतोस? नोकरी गेली का?” असं विचारणारे काका, मामा, शेजारी, जुने सहकारी. शिक्षकी पेशा ही काहीच न जमलेल्यांची जागा, असं तुम्ही मनात धरून बसला आहात. आणि तुम्हीच मुलाच्या दहावीच्या वर्षी चांगला शिक्षक कुठे मिळेल म्हणून गावभर फिरता. ज्याला जास्त येतं आणि तरी शाळेत यायचं आहे, त्याच्याकडे संशयानं पाहू नका. तुमच्या मुलाला त्याचीच गरज आहे.

आता माझ्या मागण्या. त्या चार आहेत आणि चारही करता येण्यासारख्या आहेत.

पहिली, पदवीपत्र बाजूला ठेवा आणि गुणपत्रिका वाचा. आता श्रेयांकांची नोंद ठेवण्याची राष्ट्रीय व्यवस्था आहे, ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून सुरू आहे. पदवीस्तरावर ज्याचे गणिताचे ठरावीक श्रेयांक झाले आहेत तो गणिताचा उमेदवार, मग त्याच्या पदवीचं नाव काहीही असो. कमी पडत असतील, तर तेवढ्या विषयाचा जोड अभ्यासक्रम आणि परीक्षा ठेवा.

दुसरी, प्रत्येक उमेदवाराला पाठ घ्यायला लावा. आज पोर्टलवर ‘मुलाखतीशिवाय’ होणारी निवड चाचणीच्या गुणांवर होते आणि नेमणुकीपूर्वी निवड करणाऱ्यांपैकी कुणी त्याला वर्गात पाहत नाही. बाहेरच्या शिक्षकांच्या मंडळासमोर, खऱ्या वर्गात, खऱ्या मुलांना एक तासिका शिकवू द्या. बी.ए., बी.एस्सी., बी.ई., सगळ्यांना सारखंच.

तिसरी, अभियोग्यता चाचणी दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात घ्या. नोकरी सोडायची की नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला तारीख माहीत असायला हवी.

चौथी, संबंधित कामाचा अनुभव शिक्षणसेवकाच्या तीन वर्षांत मोजा. पाच वर्षं मातीपरीक्षण केलेल्या माणसाला विज्ञानाच्या वर्गात तुम्ही नवशिका म्हणता, तेव्हा त्याचा नाही, विज्ञानाचा अपमान करता.

या चार गोष्टी केल्यात, तर तुम्हाला काढून टाका असं मी म्हणणार नाही. तुमच्यात नाव लिहू, पदवी लिहू, टक्के लिहू. पण निर्णय तुम्ही घ्यायचा नाही. तो त्या मंडळानं घ्यायचा, ज्यानं त्या माणसाला मुलांसमोर उभं पाहिलं आहे.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे नवी तुकडी येते आहे. त्यात औषधनिर्माणशास्त्राची एक पदवीधर आहे, एक स्थापत्य अभियंता आहे, बँकेतून आलेला एक जण आहे. त्यांना मी पहिल्याच दिवशी तुमच्याबद्दल सगळं खरं सांगणार आहे. तरीही या म्हणणार आहे. आणि दर वर्षी त्यांचे अर्ज, त्यांच्या गुणपत्रिका आणि त्यांच्या पाठांची माझी निरीक्षणं जोडून तुम्हाला पाठवत राहणार आहे. या माणसांना तुम्ही नाही म्हणालात, तर कारण लेखी द्यावं लागेल. ‘पदवीचं नाव’ हे कारण मी स्वीकारणार नाही.

आपली,
शिक्षणशास्त्र महाविद्यालयातली एक अध्यापिका